हाँगकाँगची आग आणि आपल्या बिल्डिंगमधली शोकसभा : काय करावं, कसं करावं?

निंबाचीसावली (धागा सुरू केला)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते.

हाँगकाँगच्या ताई पो भागातल्या वांग फुक कोर्टची बातमी तुम्ही सगळ्यांनी पाहिलीच असेल. २६ नोव्हेंबर २०२५ ला दुपारी तीनच्या सुमारास एका इमारतीभोवतीच्या परांचीला आग लागली आणि बघता बघता आठपैकी सात इमारती पेटल्या. एकतीस मजली इमारती, दोन हजारांच्या आसपास घरं, साडेचार हजारांवर माणसं. दीडशेहून जास्त माणसं गेली, त्यात आग विझवायला आत शिरलेला एक जवानही होता. पूर्ण विझायला चाळीस तासांहून जास्त लागले.

मला ती बातमी इतकी का लागली ते सांगते. ती घरं सरकारने १९८३ साली बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांना सवलतीत दिलेली. तेव्हा तरुण असलेली जोडपी तिथेच म्हातारी झाली. रहिवाशांपैकी एक तृतीयांशाहून जास्त लोक पासष्टीच्या पुढचे होते. आमचीही बिल्डिंग अशीच, सरकारी योजनेत सोडतीत नंबर लागून मिळालेली. नागपुरात, मनीषनगरच्या पुढे, अकरा मजले. इथल्या बहुतेकांनी आयुष्यात घेतलेलं हे पहिलं आणि शेवटचं घर. ताबा मिळाला त्या दिवशी खालच्या मोकळ्या जागेत सगळ्यांनी मिळून सत्यनारायण केला होता. आता तेच लोक गुडघे धरून लिफ्टची वाट पाहत असतात.

आमच्या चौथ्या मजल्यावरच्या काकू दोन दिवस टीव्हीसमोरून उठल्या नाहीत. तिथला एक म्हातारा जळत्या इमारतीकडे पाहून, माझी बायको आत आहे, असं सांगत होता. तेवढं पाहून त्या जेवल्याच नाहीत. मग मी व्हाट्सअपच्या ग्रुपवर लिहिलं की आपण बिल्डिंगमध्ये एक छोटी शोकसभा घेऊ. त्यावर तीन-चार जणांनी हात जोडले, एकाने लिहिलं, "तिकडचं आपल्याला काय करायचं आहे?" आणि एकाने विचारलं, फोटो कोणाचा लावायचा?

त्या फोटोच्या प्रश्नाने मला अडवलं. आपल्याकडे मयत झालं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारचे चहा आणतात, पिठलं-भाकरी आणतात, बळेबळे दोन घास खाऊ घालतात. तेरवीपर्यंत कोणी ना कोणी येऊन बसतं. शोक करायची आपली सगळी रीतच शेजाऱ्यांच्या भरवशावर आहे. पण जिथे सगळी बिल्डिंगच सुतकात आहे, तिथे भाकरी कोण आणणार? कोण कोणाकडे बसायला जाणार?

अशा वेळी इतर ठिकाणच्या लोकांनी काय केलं, हे कोणाला माहीत असेल तर सांगा. सभेत काय करावं हेही सुचवा. मला नुसतं दोन मिनिटं उभं राहून घरी जायचं नाहीये.

तर्रीपोहा

ताई, काहून म्हणतात लोक तिकडचं आपल्याले काय म्हणून? मी जरीपटक्याले राहतो. आमच्या समोरच्या बिल्डिंगले पेंटिंगसाठी दिवाळीच्या आधीपासून हिरवी जाळी गुंडाळून ठेवली आहे. बातमी पाह्यली त्या रात्री मी खाली उतरलो आन् त्या जाळीकडे पाहतच राह्यलो. मजूर लोक त्याच जाळीच्या आत, परांचीवर बसून बिडी पिऊन राह्यले होते. घ्या तुम्ही सभा. मी येतो.

शाटिनहून

मी मूळचा महालातला, आता नोकरीनिमित्त हाँगकाँगला. ताई पो माझ्या घरापासून रेल्वेने थोड्याच अंतरावर आहे. तुमचा प्रश्न वाचला आणि जे पाहिलं ते लिहावंसं वाटलं.

पहिल्या रात्रीच जवळपासचे लोक गाद्या, पाण्याच्या बाटल्या, मोबाईलचे चार्जर, औषधं घेऊन रस्त्यावर आले होते. कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सामान इतकं झालं की आता आणू नका अशा सूचना फिरू लागल्या. म्हणजे तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर हे, की भाकरी पलीकडच्या मोहल्ल्याने आणली.

जवळच्या बागेत फुलं ठेवायला रांग लागायची. मी गेलो तेव्हा तासाभराहून जास्त वेळ रांगेत होतो. कोणी ढकलाढकली करत नव्हतं, बोलतही नव्हतं. फुलांबरोबर चिठ्ठ्या होत्या. त्यातल्या पुष्कळ चिठ्ठ्या ओळखीच्या माणसांना लिहिलेल्या होत्या, पुष्कळ अनोळखी माणसांना.

सगळ्यात कठीण दृश्य समाजभवनाबाहेरचं. ओळख पटवण्यासाठी नातेवाइकांना आत नेऊन मृतांचे फोटो दाखवत होते. माणूस आत जाताना चालत जायचा आणि बाहेर येताना त्याला दोघांनी धरलेलं असायचं.

चिनी लोकांत सातव्या दिवसाला फार महत्त्व आहे. गेलेल्याचा आत्मा त्या दिवशी घरी परततो असं मानतात. २ डिसेंबरला तो दिवस होता. त्या दिवशी लोक पुन्हा त्या काळ्या पडलेल्या इमारतींपाशी जमले.

आणखी एक. तिथल्या घरांत म्हाताऱ्यांची आणि लहान मुलांची काळजी घ्यायला इंडोनेशिया आणि फिलिपिन्सहून आलेल्या बायका राहायच्या. त्यांच्यातल्याही कित्येक गेल्या. त्यांना रविवारी सुटी असते. पुढच्या रविवारी त्यांच्या मैत्रिणींनी एकत्र बसून प्रार्थना केली. त्यांचं घर तिथे नव्हतं, नातलग तिथे नव्हते, पण सुतक धरणाऱ्या मैत्रिणी होत्या.

पाचपावली

🙏

त्रिशरण

निंबाचीसावली ताई, फोटो कोणाचा लावायचा हा प्रश्न आमच्या इंदोऱ्यातही एकदा आला होता, कोरोनाच्या वेळी, जेव्हा एकाच गल्लीत लागोपाठ माणसं गेली. आम्हा बौद्धांकडे पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे गेलेल्याच्या आठवणीच्या, कार्यक्रमात त्रिशरण-पंचशील होतं, भन्तेजी (भिक्खू) असतील तर परित्राण पाठ होतो, आणि मग जमलेले लोक गेलेल्या माणसाबद्दल दोन दोन शब्द बोलतात. हे बोलणंच खरं महत्त्वाचं असतं. त्या माणसाने कोणाच्या पोरीची फी भरली होती, कोणाला रात्री बारा वाजता मेडिकलला नेलं होतं, हे घरच्यांनाही तेव्हाच कळतं. आम्ही त्या वेळी फोटो लावलाच नाही. एक टेबल, पांढरा कपडा, मेणबत्त्या, आणि एकेका घरातून एकेक जण उठून बोलला.

तुम्हीही धर्माचं काही न ठेवता हे करू शकता. हाँगकाँगच्या माणसांबद्दल आपल्याला काय बोलता येणार, असं कोणी म्हणेल. मग आपल्या बिल्डिंगमधून आजवर जी माणसं गेली, त्यांच्याबद्दल बोला. परक्याच्या दुःखापाशी बसलं की आपलं राहून गेलेलं रडणं बाहेर येतं, हे मी पाहिलेलं आहे.

लंडनहून_सुनंदा

मी लंडनच्या नॉर्थ केन्सिंग्टनमध्ये काही वर्षं राहिले आहे. तिथल्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीबद्दल लिहिते, कारण ताईंच्या भाकरीच्या प्रश्नाचं उत्तर तिथे अगदी शब्दशः मिळालं होतं.

आधी थोडक्यात घटना. चोवीस मजली, सरकारी घरांची इमारत, वर जायला-यायला एकच जिना. १४ जून २०१७ च्या रात्री एक वाजायच्या थोडं आधी चौथ्या मजल्यावरच्या एका घरात फ्रिज पेटला. एरवी अशी आग त्याच घरात विझली असती. पण आदल्या वर्षी नूतनीकरण करताना बाहेरून ॲल्युमिनियमचे पत्रे बसवले होते आणि त्या पत्र्यांच्या पोटात पॉलिथिलीन होतं. आग खिडकीतून बाहेर पडून त्या आवरणाला लागली आणि थेट माथ्यापर्यंत गेली. लोकांना घरातच थांबा असं सांगितलं जात होतं. तो सल्ला मागे घ्यायला पावणेतीन वाजले. ७२ माणसं गेली, त्यात १८ मुलं.

आता त्यानंतरचं. वाचलेल्या कुटुंबांना हॉटेलांत ठेवलं. छप्पर होतं, पण हॉटेलच्या खोलीत चूल नसते. मोरोक्को, इथिओपिया, इराक, बांगलादेश अशा कुठून कुठून आलेली ती कुटुंबं. महिनोन् महिने बाहेरचं खाणं. त्या भागात अल-मनार नावाची मशीद आणि तिचं सांस्कृतिक केंद्र आहे, तिथे एक स्वयंपाकघर होतं. काही बायकांनी जाऊन विचारलं की आम्हाला आमच्या मुलाबाळांसाठी इथे रांधता येईल का? केंद्राने हो म्हटलं. मग एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला. पैसे कमी असल्याने सुरुवातीला आठवड्यातून दोनच दिवस ते उघडायचं. पुढे त्याला लोकांनी मदत केली, ते वाढलं, आणि त्या बायका इतर गरजूंसाठीही रांधू लागल्या.

म्हणजे ताई, जिथे सगळेच सुतकात होते तिथे त्यांनी एकमेकींसाठी चूल पेटवली. कोणीतरी चूल असलेली जागा उघडून दिली, एवढंच बाहेरच्यांनी करायचं होतं.

दुसरी गोष्ट. दर महिन्याच्या १४ तारखेला तिथे मूक पदयात्रा निघायची. घोषणा नाहीत, भोंगे नाहीत. गळ्यात हिरवे मफलर, छातीवर हिरवी हृदयं. वाटेत अग्निशमन दलाचे जवान गणवेशात रांगेने उभे असायचे आणि चालणारी माणसं रांग सोडून त्यांना मिठी मारायची. मी ते जवळून पाहिलं आहे. वाचवणाऱ्यालाही सांत्वन लागतं हे मला तिथे समजलं.

वर्धारोड

सगळ्यांच्या भावनांचा आदर राखून एक सांगतो. शोकसभा आणि फायर ऑडिट यांची खिचडी करू नका. मला माहीत आहे, अशा सभेत दहाव्या मिनिटाला कोणीतरी उठतो आणि म्हणतो, लिफ्टचं मेंटेनन्स कुठे गेलं, टाकी कोण साफ करणार, आणि मग गेलेली माणसं बाजूला राहतात. माझे वडील गेले तेव्हा तेरवीच्या पंगतीत लोक प्लॉटच्या वादावर बोलत होते. तो घाव अजून आहे. शोक हा शोकासाठीच असू द्या. बाकीचं दुसऱ्या दिवशी करा.

जुनाबंबवाला

वर्धारोड, तुमचं दुःख समजतं. तरी मी थोडा वेगळा आहे, कारण माझी नोकरी अग्निशमन दलात गेली.

आमच्यात १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन असतो. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत दारूगोळा भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला, त्यात आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. दर वर्षी त्या सकाळी आम्ही त्यांना मानवंदना देतो आणि त्याच दिवसापासून आठवडाभर लोकांना आगीपासून बचाव कसा करायचा ते शिकवतो. नागपुरात त्या दिवशी बाबासाहेबांची जयंती. सगळं शहर दीक्षाभूमीकडे निघालेलं असतं, त्यामुळे आमची ती छोटी परेड कोणाच्या लक्षात येत नाही. पण सांगायचं हे, की आमच्याकडे श्रद्धांजली आणि शिकवण वर्षानुवर्षं एकाच दिवशी होते. त्यात आम्हाला कधी गेलेल्यांचा अपमान वाटला नाही.

आता ताई पोबद्दल. मी बातम्या वाचताना पेन घेऊन बसलो होतो. इमारतींना दुरुस्तीसाठी बांबूची परांची आणि त्यावर जाळी होती. काही ठिकाणच्या जाळीचे नमुने आग रोखण्याच्या चाचणीत नापास झाले. पण त्याहून वाईट म्हणजे खिडक्यांच्या काचा सांभाळायला बाहेरून फोमचे तक्ते लावले होते. फोम म्हणजे आपलं थर्माकोलच समजा. तो भसकन पेटतो, काच तडकते आणि आग बाहेरून घरात शिरते. आठही इमारतींत धोक्याची घंटा नीट वाजली नाही. खिडक्या झाकलेल्या, घंटा मुकी. दुपारी झोपलेल्या म्हाताऱ्याला कळणार कसं? काहींना शेजाऱ्याने दार बडवून उठवलं म्हणून ते वाचले.

आता नागपूरकडे या. मे महिन्यात आपल्याकडे पंचेचाळीसच्या वर पारा जातो. आपण काय करतो? खिडकीच्या ग्रिलमध्ये कूलर बसवतो, त्याच्या तिन्ही बाजूंना गवताच्या ताट्या. उरलेल्या काचेला थर्माकोल नाहीतर पुठ्ठा. ग्रिलला कुलूप, कुलपाची चावी कुठे ते घरात एकालाच माहीत. कूलर बंद करून पाणी आटलं की ती ताटी वाळून कोरडीठाक होते. त्याच्याच मागे जुनी वायर, तिला टेप. दिवसरात्र चालणारा कूलर, एसी आणि फ्रिज एकाच बोर्डावर. अशा घरातली आग मी पाहिली आहे. आगीने माणूस नंतर जळतो, आधी धुराने गुदमरतो. फार थोडे श्वास पुरतात.

जिन्यात सायकली, चपलांचे स्टँड, कोणाचा जुना दिवाण. गच्चीचं दार पोरं जातात म्हणून कुलूपबंद. पार्किंगमध्ये मीटरच्या पेटीशेजारी रात्रभर चार्जिंगला लावलेली गाडी. जिन्याचा दरवाजा वीट लावून उघडा ठेवलेला, म्हणजे धूर सरळ वर.

महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्याप्रमाणे इमारतीतली यंत्रणा चालू स्थितीत आहे असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं असतं. त्याला फॉर्म बी म्हणतात. ही जबाबदारी मालकावर आणि राहणाऱ्यांवर टाकली आहे. तुमच्या सोसायटीच्या फाइलमध्ये शेवटचा फॉर्म बी कधीचा आहे, तेवढं फक्त काढून बघा.

आपल्या नागपुरात राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे, १९५७ पासून. देशभरचे अधिकारी इथे शिकून जातात. त्या गावात राहून आपल्याला आपल्या जिन्यातला पाण्याचा पाइप उघडता येऊ नये, याचं मला खरंच वाईट वाटतं.

वर्धारोड

काका, वाचलं. घरी जाऊन कूलरची ताटी काढून टाकली.

भंडाऱ्याचा

मी भंडाऱ्याचा. ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्री आमच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. बारशाच्या वयाची बाळं. तुमच्यापासून साठेक किलोमीटरवर.

मोठमोठे लोक आले, प्रत्येकी पाच लाखांची मदत जाहीर झाली, चौकशी झाली. त्या आया आपापल्या गावी परत गेल्या. कोणी डोंगराजवळच्या खेड्यातली, कोणी नदीकाठची. गावात त्यांच्यासारखं झालेलं दुसरं कोणीच नव्हतं. सुनंदाताईंनी त्या स्वयंपाकघराचं लिहिलं ते वाचून मला पहिल्यांदा असं वाटलं, की त्या दहाजणींना महिन्यातून एकदा एकत्र बसता आलं असतं तर? कोणीतरी एसटीचं भाडं दिलं असतं, एक खोली दिली असती. बाळ गेल्यावर लोक आईला सांगतात, तरुण आहेस, होईल दुसरं. दुसऱ्या नऊजणींनी असं कधीच सांगितलं नसतं.

निंबाचीसावली

भंडाऱ्याचे दादा, तुमचं वाचून उत्तर लिहायला जमेना.

चंद्रभागा७२

गेलेल्यांची मोजदाद कशी होते याबद्दल लिहायचं आहे. ग्रेनफेलमध्ये सुरुवातीच्या काळात अंदाज ८० च्या आसपासचा होता. कोण पाहुणा आला होता, कोण पोटभाडेकरू होता, कोणाकडे कोण राहायला होतं हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. आकडा नक्की व्हायला महिने लागले. त्यात आईच्या पोटात असताना गेलेलं एक बाळही मोजलं गेलं, आणि पुढच्या जानेवारीत दवाखान्यात गेलेल्या एक आजीही.

मी आमच्या बिल्डिंगची यादी काढून बघितली. मालकांची नावं आहेत. भाडेकरूंची अर्धवट. दोन घरांत कॉलेजची पोरं राहतात, त्यांची नाहीत. आठव्या मजल्यावर आजोबांना सांभाळायला गडचिरोलीकडची एक मुलगी चोवीस तास असते, तिचं नाव कोणालाही माहीत नाही. आजोबा तिला "बेटा" म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. वॉचमन कुटुंबासकट जिन्याखालच्या खोलीत राहतो, तोही यादीत नाही. शाटिनहून भाऊंनी त्या इंडोनेशियाच्या बायकांचं लिहिलं तेव्हा मला या मुलीची आठवण झाली. उद्या काही झालं तर तिच्या घरी फोन कोण करणार?

तर्रीपोहा

बाप्पा. आमच्या वॉचमनचं बी नाव मले माहीत नव्हतं. आत्ता जाऊन विचारून आलो. तीन पोरं हायेत त्याले.

वर्धारोड

माझा मुद्दा पूर्ण सोडलेला नाही, तेवढं नोंदवतो. चौकशी आणि शोक एकत्र आले की शोक करणाऱ्यावर ओझं पडतं. ज्याचं माणूस गेलं त्याने रडायचं की कागद गोळा करायचे?

लंडनहून_सुनंदा

वर्धारोड, ओझं पडतं हे अगदी खरं. ग्रेनफेलच्या लोकांना चौकशीचा अंतिम अहवाल हातात यायला ४ सप्टेंबर २०२४ उजाडलं. सात वर्षं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की त्या रात्रीचे सगळे मृत्यू टाळता आले असते. रहिवाशांच्या एका गटाने तर नोव्हेंबर २०१६ मध्येच लिहून ठेवलं होतं, की मोठी दुर्घटना झाल्याशिवाय इथला कारभार उघडा पडणार नाही.

आता विचार करा, ज्याने आधीच सांगितलं होतं आणि ज्याचं कोणी ऐकलं नाही, त्याने नुसतं रडून कसं गप्प बसायचं? त्याचं रडणं आणि त्याचा प्रश्न वेगळे काढता येत नाहीत. म्हणून ते तोंडाने काही न बोलता चालायचे. त्या चालण्यात दोन्ही होतं.

शाटिनहून

सुनंदाताई लिहितात ते इथेही तसंच आहे. वांग फुक कोर्टच्या रहिवाशांनी वर्षभर आधी कामगार खात्याकडे जाळीबद्दल विचारणा केली होती. आगीचा धोका तसा कमी आहे असं उत्तर मिळालं. आगीनंतर दुरुस्तीच्या कामाशी संबंधित लोकांना अटक झाली, न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. पण स्वतंत्र चौकशी व्हावी म्हणून सह्या गोळा करणाऱ्या एका विद्यार्थ्यालाही पोलिसांनी ताब्यात घेतलं होतं. फुलांच्या रांगेत माणसं गप्प होती असं मी वर लिहिलं. ती शांतता सगळी एकाच जातीची नव्हती.

निंबाचीसावली ताई, तुम्ही मोकळेपणाने सभा घेऊ शकता. तिथे कोणी प्रश्न विचारला तर विचारू द्या.

त्रिशरण

+१. प्रश्न विचारणाऱ्याला खाली बसवू नका.

निंबाचीसावली

मंडळी, रविवारी सभा झाली. काय काय झालं ते लिहिते.

पार्किंगमध्ये सतरंज्या अंथरल्या. फोटो नाही, हार नाही. प्रत्येक घराला सांगितलं होतं की त्या दिवशी संध्याकाळी आपापल्या घरचं काहीतरी साधं रांधून आणा आणि दुसऱ्याच्या डब्यातलं खा. गोडधोड नको. पिठलं, भाकरी, झुणका, कोणी वरण-भात, कोणी ठेचा. आधी वाटलं होतं निम्मे येतील. लिफ्ट अपुरी पडली, म्हाताऱ्यांना पोरांनी खुर्चीवर बसवून खाली आणलं. त्यातच कळलं की आमच्या बिल्डिंगमध्ये किती जणांना स्वतःच्या पायांनी जिना उतरता येत नाही. ती यादी मुद्दाम करायला बसावं लागलं नाही, तिथल्या तिथे झाली. मजला, नाव, आणि त्याला खाली आणायची जबाबदारी शेजारच्या कोणाची, हे चौथ्या मजल्यावरच्या काकूंच्या नातीने वहीत लिहिलं.

ताई पोला काय झालं ते मी सांगितलं, शाटिनहून भाऊंचं पत्र वाचून दाखवलं. ग्रेनफेलच्या त्या स्वयंपाकघराचं सांगितलं तेव्हा बायका हुंदके देऊ लागल्या. मग त्रिशरणदादांनी सुचवलं होतं तसं आमच्या बिल्डिंगमधून गेलेल्यांबद्दल बोलायला सांगितलं. पहिल्यांदा कोणी उठेना. शेवटी आमचा वॉचमन उठला. कोरोनात गेलेल्या दुसऱ्या मजल्यावरच्या सरांनी त्याच्या मोठ्या मुलाला दहावीला गणित शिकवलं होतं, पैसे घेतले नव्हते. सरांची बायको समोर बसली होती. तिला हे माहीत नव्हतं. त्यानंतर बोलणाऱ्यांना थांबवावं लागलं.

"तिकडचं आपल्याला काय" असं लिहिणारे गृहस्थही आले होते. ते बोलले नाहीत, पण सतरंज्या उचलायला शेवटपर्यंत थांबले.

वर्धारोड दादा, तुमच्या म्हणण्याची आठवण ठेवून लिफ्ट, मेंटेनन्स, पार्किंग यातला एकही विषय निघू दिला नाही. फक्त जेवणं झाल्यावर मी फाइल उघडून सगळ्यांसमोर वाचली. शेवटचा फॉर्म बी ताबा मिळाला त्या वर्षीचा आहे. त्यानंतर एकही नाही. कोणावर ओरडायचं नाही असं आधीच ठरवलं होतं, कारण इतकी वर्षं आम्ही कोणीच विचारलं नव्हतं. गच्चीच्या दाराचं कुलूप त्याच रात्री काढलं, आता आतून कडी आहे. जिन्यातल्या सायकली हलवायला पंधरा दिवस दिले आहेत. खिडक्यांचे थर्माकोल आणि ग्रिलच्या चाव्या यावर वाद झाला आणि तो अजून चालू आहे. उन्हाळ्यात घर भट्टी होतं, मग काय लावायचं, हा त्यांचा प्रश्न खोटा नाही.

जुनाबंबवाला काकाजी, जिन्यातला पाण्याचा नळ आम्ही उघडून पाहिला. नुसती हवा आली. पुढे काय करायचं?

चंद्रभागा७२

ताई, तुमच्या वहीचा नमुना इथे टाकाल का? नावं झाकून. आमच्याकडेही करते. आठव्या मजल्यावरच्या मुलीचं नाव विचारलं, आणि तिच्या वडिलांचा नंबरही घेतला.

भंडाऱ्याचा

मी त्या आयांपैकी एकीच्या गावी जाऊन आलो. बाकीच्यांचे पत्ते शोधतो आहे. नागपुरात महिन्यातून एखाद्या दिवशी बसायला खोली मिळेल का कुठे? चूल असलेली.

त्रिशरण

भंडाऱ्याचे दादा, आमच्या विहाराच्या मागे समाजभवन आहे, गॅस आहे, भांडी आहेत. भाड्याचं मनात आणू नका. तारीख ठरवून मला निरोप करा. एसटीचं भाडं आम्ही चौघं-पाचजण बघतो.

जुनाबंबवाला

ताई, हवा आली म्हणजे वरच्या टाकीतून पाणी उतरत नाही. एकतर व्हॉल्व्ह बंद आहे, नाहीतर टाकीत आगीसाठी राखून ठेवायचं पाणी तुम्ही रोजच्या वापराला घेत आहात. हे दुसरं फार ठिकाणी असतं. येत्या रविवारी सकाळी दहाला येतो, सोबत जुना सहकारीही आहे. पंपाच्या खोलीची चावी, टाकीचा नकाशा असेल तर तो, आणि वहीवाली नात एवढं हजर ठेवा. होज बॉक्सच्या, म्हणजे आगीचा पाइप ठेवलेल्या पेटीच्या, काचा कोणी फोडू नका, मी आल्यावर उघडू. आणि मजल्यागणिक दोन तरुण पोरं लागतील, पाइप धरून बघायला.

तर्रीपोहा

काकाजी, मी येतो. जरीपटक्याहून दोघं-तिघं घेऊन येतो, शिकून घेऊन जातो आमच्या बिल्डिंगसाठी. त्या समोरच्या हिरव्या जाळीचं काय करावं तेही रविवारीच विचारतो.